कोमट समुद्र आणि पाठीवरचं ओझं

तारकर्लीला डायव्हिंगचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत चालतो आणि या सबंध काळात समुद्राचं पाणी २७ ते ३० अंशांच्या आसपास असतं. तीन मिलिमीटरचा पातळ सूट त्यात पुरतो, पुष्कळांना नुसता रॅशगार्ड, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पातळ सदराही, चालतो. बॅकप्लेट आणि विंग, म्हणजे सिलिंडर पाठीवर धरणारा धातूचा पत्रा आणि तरंगण्यासाठी हवा भरायची पिशवी, घ्यायचं मनात असेल, तर आधी या एका आकड्यापाशी थांबा, असं मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. प्लेट कुठल्या धातूची, विंग केवढी, खाली जाण्यासाठी शिसं किती आणि कुठं, हे सगळं पाण्याच्या तापमानातून निघतं. आपल्याकडे खरेदी मात्र उलट्या टोकानं सुरू होते. आधी विंग आवडते, तिच्याबरोबर मिळणारी स्टीलची प्लेट घरी येते आणि शिशाचा हिशेब होडीत बसल्यावर होतो.

कोल्हापूरहून समुद्र दीडशे किलोमीटरवर. गगनबावड्यापर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांमागून जायचं, करूळ घाट उतरायचा, वैभववाडी, कणकवली करत मालवण गाठायचं. समुद्र असा लांब असल्यामुळे आम्हा इकडच्या डायव्हरांचा सामानाशी संबंध पाण्यापेक्षा घरातच जास्त येतो. पावसाळ्याचे चार महिने तर सगळं कपाटातच असतं. माझा हा सगळा विचार त्याच महिन्यांत झाला.

शिकताना सगळ्यांना मिळतं ते जाकीट. खांद्यांवरून, कुशीतून, पोटाशी हवा भरणारं, आतून फोमचं अस्तर असलेलं. मोजक्या मापांत येतं आणि कुठल्याही अंगाला थोडंफार बसतं, म्हणून शिकवणाऱ्यांच्या दृष्टीनं ते सोयीचं आहे, आणि त्यात वाईट काही नाही. पण माझी उंची कमी, पाठ आखूड. हवा भरली की जाकीट बरगड्यांवर दाब द्यायचं, आणि सोडली की सिलिंडर पाठीवर डावीकडे-उजवीकडे हलायचा. शिवाय त्या अस्तरात पाण्याखालीही हवा अडकून राहते. ती हवा बुडवायला वेगळं शिसं लागतं. तरंगणारं कापड विकत घ्यायचं आणि ते बुडावं म्हणून कमरेला शिसं बांधायचं, हे मला पटेना.

बॅकप्लेटची रचना त्या मानानं सरळ. पाठीच्या आकाराला वाकवलेला धातूचा पत्रा. त्याच्या खाचांतून ओवलेला दोन इंच रुंदीचा एकसंध नायलॉनचा पट्टा, हा झाला हार्नेस. प्लेट आणि सिलिंडर यांच्या मध्ये बसणारी हवेची पिशवी ती विंग. हवा सगळी पाठीमागे, पोट आणि छाती मोकळी. १९७९च्या सुमारास उत्तर फ्लोरिडातल्या गुहांमध्ये डायव्हिंग करणाऱ्या ग्रेग फ्लॅनगननं अशी पहिली प्लेट बनवली असं मानतात, आणि पुढं बिल हॉगार्थ मेन यानं तिच्याभोवतीची सगळी मांडणी घासूनपुसून साधी केली. या लोकांना गोड्या, गारठ्याच्या पाण्यात, पाठीवर दोन-दोन सिलिंडर घेऊन, भुयारांत तासन्‌तास जायचं होतं. दोन सिलिंडर जोडणाऱ्या कड्यांचे बोल्ट प्लेटमधून जावेत म्हणून मधल्या भोकांमध्ये ११ इंचांचं अंतर ठेवलं गेलं. आज जगात कुठल्याही कंपनीची प्लेट घ्या आणि कुठल्याही कंपनीची विंग घ्या, बहुतेक वेळा ती भोकं जुळतात. बाजारातला कुठलाही एक उत्पादक या मापाचा मालक नाही, आणि म्हणूनच ही वस्तू मला एवढी आवडते. दहा वर्षांनी एक भाग झिजला तर तेवढाच बदलायचा.

पण फ्लोरिडाच्या गुहांतून आलेल्या रचनेबरोबर तिथली उत्तरंही आली. जाड स्टीलची प्लेट हे त्यांच्यातलं एक. अंगात जाड सूट असेल, त्यात हवा असेल, तर खाली राहायला वजन लागतंच. मग ते कमरेला लटकवण्यापेक्षा पाठीवरच्या प्लेटमध्येच असलं तर उत्तम. मालवणच्या पाण्यात मात्र अंगावर बुडवायला फारसं काही नसतंच.

आता आकडे. उन्हाळ्यातल्या गप्पांत हा भाग सगळे टाळतात, पण मला तो सगळ्यात रसाळ वाटतो.

आपल्याकडे बहुतेक केंद्रांवर मिळतो तो ११.१ लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर. पूर्ण भरला की त्यात सुमारे अडीच ते पावणेतीन किलो हवा असते. हवेला वजन असतं हे शाळेत शिकतो, पण ते पाठीवर जाणवतं इथं. भरलेला हा सिलिंडर समुद्रात साधारण पाऊण किलोनं बुडतो, आणि रिकामा झाला की जवळजवळ दोन किलोनं तरंगतो. म्हणजे डायव्हच्या सुरुवातीला तुम्ही जेवढे जड असता, त्याहून शेवटी दोन किलोंहून जास्त हलके होता. शिशाचा हिशेब म्हणून शेवटाचा करायचा. सिलिंडरमध्ये ५० बार दाबाची हवा उरलीय, विंग रिकामी आहे, वर येताना पाच मीटर खोलीवर तीन मिनिटांचा थांबा घ्यायचा आहे. तिथं शांतपणे, हात-पाय न मारता तरंगत राहता आलं पाहिजे. त्याला लागेल तेवढंच शिसं. त्यावरचा प्रत्येक किलो फुकटचा.

फुकटच्या किलोचं काय होतं बघा. तो तोलायला विंगमध्ये एक लिटर हवा ठेवावी लागते. समजा, चार किलो शिसं जास्त झालं. दहा मीटरवर तुम्ही विंगमध्ये चार लिटर हवा जास्तीची वागवताय. तिथं दाब दोन बार. पाच मीटरवर आलात की दाब दीड बार, आणि तीच हवा फुगून पाच लिटर आणि वर तिसरा हिस्सा एवढी होते. तुम्ही काहीही केलेलं नसताना सव्वा किलोहून जास्त जोर तुम्हाला वर ढकलायला लागतो. पृष्ठभागापर्यंत तशीच ठेवली तर आठ लिटर. तीस मीटरवरून वीस मीटरवर येताना मात्र हीच हवा फुगून चाराची साडेपाचच्या आतच राहते, आणि तिथं तुम्हाला आवरायला दहा मीटर पाणी हाताशी असतं. पाच-दहा मीटरांच्या उथळ पाण्यात सगळं पटकन होतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे खडक, जिथं आपल्याकडच्या बहुतेकांनी पहिला मासा पाहिलेला असतो, ते असेच उथळ आहेत. सोपं म्हणून ज्या पाण्यात नवख्यांना नेतात, तिथं जास्तीच्या शिशाची शिक्षा सगळ्यात लवकर मिळते.

किल्ल्याच्या बाजूला डायव्हला नेणारे एक मालवणी प्रशिक्षक आहेत. होडीत ते प्रत्येकाच्या कमरेच्या पट्ट्यातल्या वड्या मोजतात. पर्यटकानं आपणहून मागून घेतलेलं शिसं बघून त्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "एवढां शिसां तुमका कित्याक व्हयां?" लोकांना वाटतं, ते शिसं वाचवतायत. ते माणूस वाचवत असतात.

तर आता प्लेट. तीन मिलिमीटर जाडीच्या स्टीलची नेहमीच्या मापाची प्लेट साधारण २.७ किलोची भरते. तीच ॲल्युमिनियमची केली तर ९०० ग्रॅमच्या आसपास. पाण्यात दोन्हींचं आकारमान सारखंच, सुमारे तिसरा हिस्सा लिटर, म्हणून दोन्हींना पाणी सारखंच उचलून धरतं. स्टील पाण्यात २.३५ किलो भरतं, ॲल्युमिनियम अर्ध्या किलोहून थोडं जास्त. फरक पावणेदोन किलोंचा. तीन मिलिमीटरचा पूर्ण सूट आणि ॲल्युमिनियमचा सिलिंडर असेल, शेवटी तसंही दोन-तीन किलो लागणार असेल, तर स्टीलची प्लेट कमरेचं शिसं जवळजवळ संपवते, आणि ते वजन फुफ्फुसांच्या मागे बसल्यामुळे शरीर पाण्यात आडवं राहायला मदतही होते. अशा माणसानं स्टील खुशाल घ्यावं. पण रॅशगार्डवर उतरणाऱ्यानं, किंवा ज्याला कुठंतरी स्टीलचा सिलिंडर मिळणार आहे त्यानं, स्टीलच्या प्लेटवर सही करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा. विंग फाटली, तिच्यात हवा भरणारा इन्फ्लेटर निखळला, सिलिंडर भरलेला आहे. मी पायातले फिन मारत वर येऊ शकेन का? आणि नसेन, तर टाकून द्यायला माझ्याकडे शिसं आहे का? प्लेट टाकता येत नाही. ती अंगावर आहे. पाण्याखाली सोडून देता येईल असं थोडं वजन हाताशी असावं, हा माझा आग्रह आहे आणि तो मी सोडणार नाही.

माझ्या बाबतीत ॲल्युमिनियम ठरलं, आणखी एका कारणानं. अंदमानला किंवा लक्षद्वीपला जायचं तर विमान, आणि देशांतर्गत विमानात बहुतेक वेळा १५ किलोंची मर्यादा. शिसं तिथल्या केंद्रावर मिळतं. घरून स्टील वाहून न्यायचं आणि रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र, हातात धरून बसायचं, याला अर्थ नाही.

राहिला लांबीचा प्रश्न. बाजारातली प्लेट माझ्या पाठीला लांब पडत होती. वरची कड मानेच्या हाडाखाली ठेवली तर कमरेचा पट्टा पार खाली यायचा. आखूड प्लेटा मिळतात, पण परदेशातून मागवाव्या लागतात. कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला यावर पहिलं सुचतं ते शिवाजी उद्यमनगर, इथली कारखान्यांची वसाहत. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा घडवला, त्या गावात वाकवलेल्या पत्र्यासाठी सातासमुद्रापलीकडे का जावं?

पुठ्ठ्याचा नमुना घेऊन मी एका शॉपमध्ये गेले. तिथले मेस्त्री सगळं आयुष्य पंपांचे आणि गाड्यांचे पार्ट करत आलेले. त्यांनी पुठ्ठा हातात घेऊन उलटसुलट केला.

"पाठीवर बांधायचं म्हणताय नव्हं? मग कडा कशाला अशा ठेवताय, ताई? पट्टा कापंल की एका सीझनात."

"काका, खाचांना आतून गोलाई द्यायची. कापडाचा पट्टा सारखा घासणार त्यातनं."

"ते मी बघतो. पत्रा कुठला आणलाय?"

मी ६०६१ या ॲल्युमिनियमच्या मिश्रणाचं नाव घेतलं, कारण वाचलेलं तेच होतं. त्यांनी मान हलवली. "टी-सिक्स असंल तर बेंडला तडा जाईल. ५०८३ घ्या. मरीनचाच हाय, वाकतोय बी गुमान." ते अगदी खरं आहे. कडक केलेलं, म्हणजे टी-सिक्स, ६०६१ लहान त्रिज्येत वाकवलं की बाहेरच्या बाजूनं फाटतं. ५०८३ हे जहाजांसाठीच वापरलं जाणारं मिश्रण, खाऱ्या पाण्यात टिकणारं. पत्रा लेझरवर कापला, मधला उंचवटा प्रेसवर काढला. ११ इंच, म्हणजे २७९ मिलिमीटर, या अंतराला मी हात लावू दिला नाही. लांबी फक्त खालून कमी केली. प्रत्येक खाच त्यांनी आतून फाईल मारून मऊ केली आणि अंगठा फिरवून तपासली. मांड्यांमधून येणारा पट्टा कशासाठी, हे मात्र त्यांना कळेना. प्लेट पाण्यात डोक्याकडे सरकू नये म्हणून, असं मी सांगितलं. "म्हणजे लंगोटच की," म्हणाले. तालमीतल्या माणसाला याहून जास्त समजवावं लागलं नाही.

बोल्ट मात्र ३१६ ग्रेडचे स्टेनलेस घेतले. ३०४ला खाऱ्या पाण्यात बारीक खड्डे पडतात. ३१६मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते त्याला वाचवतं. आणि स्टेनलेसचा बोल्ट थेट ॲल्युमिनियमवर घट्ट बसवला की मिठाच्या पाण्यात बोल्टभोवतीचं ॲल्युमिनियम झिजायला लागतं. मध्ये प्लॅस्टिकचा वॉशर घालायचा, आणि प्रत्येक डायव्हनंतर गोड्या पाण्यात धुवायचं. यात हयगय नको.

प्लेट गावात करून घेता येते कारण ती शेवटी भोकं पाडलेला पत्रा आहे. विंगच्या बाबतीत मात्र असलं काही मनात आणू नये. आतली पिशवी, तिचे वितळवून जोडलेले सांधे, इन्फ्लेटर, हवा सोडायचा व्हॉल्व्ह यांच्यावर जीव अवलंबून असतो. ती नावाजलेल्या कंपनीचीच, नवी, आणि सुटे भाग मिळतील अशीच घ्यावी.

विंग केवढी? यावर मी जितके सल्ले ऐकले, त्यातले निम्मे "मोठी घ्या, सुरक्षित" असे होते. पण कोमट पाण्यात मोठ्या विंगला करायला कामच नसतं. तिचं काम मोजता येतं. पहिलं, अंगावरून काढलेलं सगळं सामान, भरलेल्या सिलिंडरसकट, पाण्यावर तरंगत ठेवणं. माझ्या सामानात सिलिंडरचा पाऊण किलो, रेग्युलेटरचा किलोभर, प्लेटचा अर्धा किलो, बकलं-कड्यांचा अर्धा किलो, असे तीन किलोंच्या आत. शिसं सिलिंडरच्या पट्ट्यावर लावलं तर पाचांपर्यंत. दुसरं, पाण्याखाली सुरुवातीला असलेलं जास्तीचं वजन तोलणं. सिलिंडरमधल्या हवेचे अडीच-पावणेतीन किलो आणि खोलीवर सूट दबल्यामुळे गेलेला उचल, पातळ सुटाचा फार तर दीड किलो. म्हणजे चारेक किलो. या दोन्हींतला मोठा आकडा पाच. वर लाटांमध्ये होडीची वाट बघताना डोकं पाण्याबाहेर राहावं, एखाद्या दमलेल्या जोडीदाराला धरता यावं, म्हणून तीन-चार किलो शिल्लक धरा. आठ-नऊ किलो झाले. विंगांवर आकडा पौंडांत छापलेला असतो, १८ ते २० पौंड म्हणजे हेच. तीस पौंडांची घेतली तरी बिघडत नाही, पुढं कधी जाड सूट घालून थंड पाण्यात उतरायचं असेल तर ती शहाणपणाचीच. पण एका सिलिंडरवर चाळीस पौंडांची, दोन सिलिंडरांसाठी केलेली रुंद विंग लावली, की तिच्या बाजू सिलिंडरभोवती वर वळतात, हवा त्या घड्यांत अडकते आणि नेमकी वर येताना बाहेर पडत नाही.

आकारात दोन पंथ आहेत. गोल कड्यासारखी विंग, जिच्यात हवा खालूनही एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते, आणि खालून तुटलेली, नालेच्या आकाराची. एका सिलिंडरसाठी, कोमट पाण्यासाठी, मी अरुंद गोल विंगच्या बाजूची आहे. शरीर थोडं कलतं तेव्हा हवा आपोआप दोन्हीकडे वाटली जाते. नालेच्या आकाराचे चाहतेही आहेत आणि त्यांचंही चालतं. यावर भांडत बसण्यात मला रस नाही.

हार्नेसवर मात्र वेळ घालवा. पाण्याबाहेर उभं राहून घट्ट आवळलेला पट्टा पाण्यात आडवं झाल्यावर खांदे जखडतो. खांद्यावरच्या पट्ट्याखाली पंजा सहज सरकला पाहिजे, आणि हात मागे नेऊन सिलिंडरच्या व्हॉल्व्हला बोटं लागली पाहिजेत. ती लागत नसतील तर आधी पट्टे ढिले करा, प्लेट वर-खाली करून बघा. छातीवरची कडी इतक्या उंचीवर हवी, की दुसऱ्या हाताचा अंगठा न बघता तिच्यात जाईल. रॅशगार्डवर पट्टे काचतात असं पुष्कळ जण म्हणतात. काचतात ते घट्ट पट्टे. नीट बसलेल्या हार्नेसमध्ये पाण्याखाली खांद्यावर भारच नसतो. गुबगुबीत पॅड लावू नका, ते तरंगतात, आणि जाकिटाचा सगळा घोळ मागच्या दारानं परत येतो. पट्टा पहिल्यांदा कापताना लांब ठेवा. आणि कमरेला वेगळा शिशाचा पट्टा बांधत असाल तर तो सगळ्यात शेवटी, मांड्यांमधल्या पट्ट्याच्या वरून बांधा. खालून बांधलेला पट्टा बकल सोडलं तरी तिथंच अडकून राहतो.

इथल्या डायव्हरांना एक सोय आहे, तलावात आधी सराव करता येतो. वीरधवल खाडेच्या गावात पोहण्याच्या तलावांना आणि पोहणाऱ्यांना तोटा नाही. परवानगी काढून, प्रशिक्षित जोडीदार बरोबर घेऊन, खोल भागात सगळं सामान चढवून बघावं. फक्त तिथं ठरलेलं शिसं तसंच मालवणला नेऊ नये. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून अडीच टक्क्यांनी जड असतं. मी आणि माझं सामान मिळून ऐंशी किलोंच्या आसपास भरतो, तेव्हा खाऱ्या पाण्यात दोन किलो जास्त लागतात. नव्वद किलोंच्या माणसाला सामानासकट पावणेतीन किलो.

तलावात प्रत्येक वेळी करायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या कराव्यात. विंग तोंडानं फुगवून बघा, इन्फ्लेटर कधीतरी दगा देऊ शकतो. शिसं एका हातानं, डोळे मिटून सोडून बघा. सगळं सामान काढून पाण्यावर सोडा आणि ते एकटं तरंगतं का ते पाहा. जोडीदाराला तुमचं कमरेचं बकल सापडतं का, तेही बघा. हार्नेसला खांद्यावर सुटणारं बकल नसतं, त्यामुळे दमलेल्या माणसाच्या अंगातून तो कसा काढायचा हे दोघांनाही माहीत हवं. गरज पडली तर कात्रीनं खांद्याचा पट्टा कापायचा. ती कात्री कमरेच्या पट्ट्यावर, दोन्ही हातांना पोचेल अशा जागी लावा.